गल्लीत मावेल अशी गाडी

आमची जुनी गाडी रेल्वेच्या फाटकात, बरोबर रुळांवर बंद पडली, तेव्हा मी मागच्या सीटवर औषधांची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मलकापुरात मी दवाखाना उघडला त्यालाही जवळपास तेवढाच काळ लोटला होता. गावात बाई डॉक्टर मी एकटीच. त्या काळी बाळंतीण दवाखान्यात येत नसे, डॉक्टरनेच बाळंतिणीकडे जायचं असे. त्या दिवशी मी रुळांपलीकडच्या वस्तीत एका पहिलटकरणीकडे निघाले होते.

गाडी चालवत होते आमचे मिस्त्री. ते नोकरीला नव्हते. त्यांचं स्टेशनाजवळ गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं आणि आमच्याकडून निरोप गेला की ते हातातलं काम टाकून यायचे. ते हँडल घेऊन खाली उतरले, चार वेळा फिरवून पाहिलं. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. फाटकवाला लाल झेंडी घेऊन धावत आला. नांदुऱ्याहून मालगाडी सुटल्याची खबर त्याला मिळाली होती. फाटकाशी कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली. त्यातल्या एका गाडीवानाने आपले बैल सोडले, दोर आमच्या बंपरला बांधला आणि गाडी रुळांवरून ओढून काढली. मालगाडी यायला अजून अवकाश होता, पण तेवढ्या वेळात माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी पेटी उचलली आणि पायीच निघाले.

पोचले तेव्हा मुलगी जन्मून दुपट्यात गुंडाळलेली होती. सुईण हात धूत होती. ती माझ्याहून दुप्पट वयाची. मला वाटलं, टोमणा मारेल. तसं काही नाही. ती साधेपणाने म्हणाली, "बाई, मी थांबाले तयार होती. पोरगी तयार नव्हती."

बाळ-बाळंतीण सुखरूप होती, म्हणून मी त्या वाक्यावर हसू शकले. परतताना मात्र हसू आलं नाही. दर वेळी सगळं सुखरूप असतंच असं नाही, हे माझ्याइतकं त्या सुईणीलाही माहीत होतं.

ती गाडी माझ्या सासऱ्यांची. मामाजी एका परदेशी कापूस कंपनीत रुईचे पारखी होते. कापसाचा पुंजका हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी ओढायचा, धाग्याची लांबी नजरेनं मोजायची आणि माल कुठल्या प्रतीचा ते सांगायचं, यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्वातंत्र्याच्या वेळी कंपनीचा साहेब विलायतेला परतला, तेव्हा त्याची गाडी मामाजींनी घेतली. लांबलचक, दोन्ही बाजूंना पायऱ्या असलेली, काळ्या रंगाची. बैलांनी ती ओढली हे त्यांना संध्याकाळी बाजारातून कळलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी इंजिन उघडून पाहिलं आणि हात पुसत सांगितलं की आता हिचे भाग विलायतेतही मिळायचे नाहीत. अंगणात, मैदानात चालेल. पण रस्त्यावर भरवसा ठेवू नका. मामाजी बराच वेळ गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "पाहा लागन दुसरी."

इथून आमच्या घरात दोन महिने दुसरा विषय नव्हता.

नवी गाडी घ्यायची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, म्हणून कोणाची तरी वापरलेलीच घ्यायची, हे ठरलेलं होतं. देशात मोटारी बनत तीनच तऱ्हेच्या. त्यांची खरी नावं घरात कोणी घेत नसे. एक मोठी, एक दोन दारांची आणि एक अरुंद, असंच आम्ही म्हणायचो. मामाजींच्या मनात मोठीच होती. जिल्ह्यात ज्याच्याकडे म्हणून गाडी होती त्याच्याकडे तीच होती. तिच्या मागच्या सीटवर चार माणसं ऐसपैस बसत, सामान मावे आणि लग्नाला नेली की मांडवातली माणसं उठून दारापर्यंत येत.

माझे यजमान हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांच्या चष्म्याच्या काचा जाड, आणि जुन्या गाडीचं हँडल उलटून एकदा त्यांचा हात मोडला होता. तेव्हापासून गाडीपासून ते दोन हात लांबच राहत. त्यांना मत विचारलं तर ते म्हणत, आधी प्रश्न नीट मांडा, उत्तर आपोआप येईल. या बोलण्याचा मला फार राग यायचा. या वेळी मात्र ते खरं ठरलं.

मी कुठल्या दिवशी कोणाकडे गेले याची वही ठेवत असे. एका रविवारी ती वही घेऊन मी मामाजींपुढे बसले. उन्हाळ्यापासूनच्या पानांवर गावाबाहेरच्या फेऱ्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. बाकी सगळं गावातच: तेलीपुरा, स्टेशनची बाजू, नळगंगेकाठची वस्ती, पिंजाऱ्यांची गल्ली. यातल्या निम्म्या ठिकाणी जुनी गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी करावी लागे आणि पुढे मी चिखलातून, गटारावरच्या फळीवरून, पेटी सांभाळत चालत जाई.

"मामाजी," मी म्हटलं, "आपली गाडी लग्नाला वर्षातून चारदा जाते. बाळंतपणाला रोज जाते."

त्यांनी वही चाळली. ते रागावले नाहीत, पण मानलेही नाहीत. "रोजच्यासाठी टांगा आहे की, बाई. गाडी घराची असते. घराले शोभा लागन का नाई?"

यावर उत्तर सुचलं ते यजमानांना. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ते मैदानावरची फीत घेऊन आले, लांब उडी मोजायची. चहा झाल्यावर मला म्हणाले, "चल, गल्ल्या मोजू."

आम्ही नवरा-बायको भर दिवसा गावातल्या गल्ल्या मोजत फिरू लागलो. फितीचं एक टोक मी भिंतीला धरायचे, दुसरं ते समोरच्या ओट्याला. आकडा ते वहीत लिहायचे. आधी लोक नुसते बघत उभे राहिले. तिसऱ्या गल्लीपर्यंत बातमी आमच्या पुढे गेली की नगरपालिका रस्ते रुंद करून राहिली, मास्तरले मोजणी दिली आणि सगळे ओटे पडणार. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या दारात दहा-बारा माणसं उभी. पुढे तेलीपुऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ, हात जोडून. त्यांचं म्हणणं होतं की ओटा त्यांच्या आजोबांनी बांधला, त्याच्यावर तीन पिढ्या बसल्या, तर गुरुजींनी मोजताना फीत थोडी ढिली धरावी.

यजमानांनी त्यांना आत बोलावून बसवलं आणि खरं काय ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंची गाडी तुमच्या दारापर्यंत यावी म्हणून मोजतो आहोत. म्हाताऱ्यांनी जोडलेले हात सोडले. मग म्हणाले, "हे आधी काऊन नाई सांगतलं? आम्हीच धरली असती फीत."

आणि खरोखरच उरलेल्या गल्ल्या त्या लोकांनी मोजून दिल्या. एकाने तर आपल्या दारातला मोडका रांजण हलवून गल्ली अर्धा फूट रुंद करून घेतली आणि मगच फीत लावू दिली.

सगळ्यात अरुंद निघाली पिंजाऱ्यांची गल्ली. सात फुटांहून जेमतेम जास्त. यजमानांनी दवाखान्याच्या अंगणात चुन्याने तेवढ्या अंतराच्या दोन रेघा आखल्या. मधे उभं राहून ते बराच वेळ विचार करत होते. मी म्हटलं, मोठी गाडीसुद्धा यातून जाईल की, साडेपाच फुटांचीच तर आहे. ते म्हणाले, "गाडी जाईल. तू उतरशील कुठून?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. गाडी गल्लीत शिरली तरी दार उघडायला जागा नको का? आणि मी एकवेळ अंग चोरून उतरेन, पण एखाद्या बाईला उचलून आत ठेवायचं झालं तर? म्हणजे नुसती रुंदी बघून भागणार नव्हतं. गाडी किती रुंद, दार किती लांब आणि उघडल्यावर किती बाहेर येतं, हे सगळं बघायला हवं होतं. प्रश्न आता नीट मांडला गेला होता.

मला स्वतःला दोन दारांची गाडी मनातून आवडली होती. ती दिसायला लहान, ठुमकदार, आणि जागच्या जागी भिंगरीसारखी वळे. खामगावला एका वकिलांकडे ती विकाऊ होती. आम्ही मिस्त्रींनाही घेऊन एसटीने गेलो. यजमानांनी फीत काढली, दार उघडून मोजलं आणि मान हलवली. दारं दोनच, म्हणून प्रत्येक दार भलतंच लांब होतं. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून वाकून आत शिरायचं. मामाजी एकदा आत शिरले आणि त्यांना बाहेर काढायला दोघे लागले. धोतर सावरत ते इतकंच म्हणाले की ही गाडी नवरा-बायकोले फिराले बरी. आवडलेली वस्तू आपल्या कामाची नाही, हे त्या दिवशी फितीने मला दाखवलं आणि मी ते मानलं.

मग नांदुऱ्याची मोठी. ती एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे होती. व्यापाऱ्यांनी पाहुणचार उत्तम केला. मामाजी मागच्या सीटवर बसले, गादी अंगठ्याने दाबून पाहिली, जशी ते रुई पाहत, आणि त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्यांना इतकं समाधानी मी पाहिलं नव्हतं. मी मिस्त्रींना म्हटलं, एकदा समोरच्या बोळातून वळवून आणा. ते गेले. पुढे-मागे, पुढे-मागे करत पाचव्या खेपेला गाडी वळली. खाली उतरले तेव्हा मिस्त्रींच्या कपाळावर घाम होता. ते जातिवंत माणूस. मालकासमोर मालाला नावं ठेवायची नाहीत हा त्यांचा नेम. परतीच्या एसटीत बसल्यावर म्हणाले, "गाडी पहिलवान आहे, साहेब. पण पहिलवानाले माजघरात कुस्ती खेळाले लावून राह्यलो आपण."

घरी आल्यावर मामाजींनी मला विचारलं, "तुले काय वाटते?"

मी म्हटलं, "गाडी चांगली आहे, मामाजी. पण ती आपल्याला सोडावी लागेल."

ते उठून आत गेले.

अकोल्याची अरुंद गाडी एका निवृत्त इंजिनिअरांकडे होती. गेल्यावर कळलं, गाडी त्यांची नव्हतीच, त्यांच्या बायकोची होती. साठीच्या बाई, नऊवारी, पांढरे केस घट्ट बांधलेले. बारा महिने त्याच गाडी चालवायच्या. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला म्हणून विकत होत्या. कापड झाकून ठेवलेली गाडी त्यांनी स्वतः उघडली. फिकट राखाडी रंग, एक ओरखडा नाही. यजमानांनी फीत लावली. पाच फुटांनाही कमीच. चार दारं, आखूड. पुढची दारं उलट्या बाजूने उघडणारी, मागची सरळ; आणि आखूड असल्यामुळे अरुंद गल्लीतही मागचं दार पूर्ण उघडून माणूस आडवा आत ठेवता आला असता. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच फीत गुंडाळून खिशात टाकली.

बाईंनी विचारलं, "चालवणार कोण?"

मामाजींनी मिस्त्रींकडे बोट केलं. मिस्त्रींनी यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी चष्मा पुसायला घेतला. मिस्त्रींचं दुकान आहे, ते बोलावल्यावर येतात, असं काहीतरी मामाजी सांगू लागले. बोलावल्यावर येतात म्हणजे किती वेळाने, असं बाईंनी विचारलं. मला ते ठाऊक होतं. निरोप जायचा, मिस्त्री कुणाच्या तरी ट्रकखाली पडून काम करत असायचे, हात धुवून यायचे. अर्धा तास, कधी पाऊण.

"मी चालवणार," मी म्हटलं.

हे मी आधी ठरवलं होतं का? खरं सांगायचं तर नाही. तोपर्यंत स्टिअरिंगला मी हातही लावला नव्हता. पण बोलून गेल्यावर वाटलं की गेले दोन महिने मी हेच सांगायला निघाले होते.

बाईंनी मला आपादमस्तक पाहिलं. "येतं का चालवायला?"

"नाही."

"मग शिकून या. लायसन घेऊन या. तोवर ही मी कोणाला देत नाही." आणि त्यांनी गाडीवर परत कापड ओढलं.

परतीच्या एसटीत बाळापूर मागे पडल्यावर मामाजींनी मनातलं सांगितलं. त्यांना माझा राग नव्हता; भीती होती. गावात बाईनं सायकल चालवली तरी लोक फाटकापर्यंत पाहत जात. उद्या गाडी कोणाच्या अंगावर गेली तर लोक डॉक्टरला नाही, बाईला दोष देतील. "पुरुषाच्या हातून झालं तं लोक मशीनले शिव्या देतीन," ते म्हणाले. "तुह्या हातून झालं तं तुले."

मी म्हटलं, हे खरं आहे. म्हणून पुरुषापेक्षा चांगली शिकेन.

शिकले ती त्यांच्याच जुन्या गाडीवर. हंगाम संपला होता आणि कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगचं मोठं आवार मोकळं पडलं होतं. मामाजींच्या ओळखीने तेच मिळालं. भीती वाटत असूनही आवार मिळवून दिलं त्यांनीच, हे मला कायम आठवतं. रोज दुपारी दवाखाना बंद झाला की मी पदर खोचून तिथे जायचे. मिस्त्री शेजारी बसायचे. गाडी अवजड, क्लच दाबायला सगळा जोर लागायचा, दुसरा गियर पडता पडायचा नाही. पहिल्या आठवड्यात मी सरकीच्या ढिगात दोनदा गाडी घातली. मिस्त्री उतरायचे, सरकी झाडायचे, परत बसायचे. कधी आवाज चढवला नाही. एकदाच मी रडकुंडीला येऊन म्हटलं की माझ्यानं व्हायचं नाही. ते म्हणाले, "बाईसाहेब, तुमी जिवंत माणसाच्या पोटातून जिवंत माणूस काढता. अन् हे तं लोखंड आहे."

मग त्यांनी रिकाम्या डब्यांच्या दोन रांगा लावल्या, मधे सात फूट. त्यातून पुढे जायचं आणि मागे यायचं. मागे येणं फार अवघड. मान वळवली की हात उलटे फिरत. डबे इतक्या वेळा पडले की जिनिंगचा पहारेकरी ते उभे करायला खुर्ची टाकूनच बसू लागला. आणि एके दुपारी मी मागे आले, थांबले, आणि एकही आवाज आला नाही. मला वाटलं, पहारेकरी उठून गेला. वळून पाहिलं तर सगळे डबे उभे. मिस्त्री दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून होते, म्हणाले, "हिले जी हाकलते, तिले कोणतीबी जमन."

लायसनची परीक्षा बुलढाण्याला. मिस्त्रींनी कुणाची तरी गाडी मागून आणली आणि राजूरच्या घाटात मधेच माझ्या हाती दिली. दरीकडच्या बाजूला बसलेले यजमान डोळे मिटून पाढे म्हणत होते, असं ते पुढे स्वतःच सांगायचे. परीक्षा घेणारे अधिकारी मला पाहून म्हणाले की साहेबांना पाठवा. मी सांगितलं, साहेब परीक्षा घेतात, देत नाहीत. गणिताचे मास्तर आहेत. ते हसले आणि बसले. चढावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि एक इंचही मागे न जाता पुढे काढा म्हणाले. मी काढली. त्यांनी परत थांबवलं, परत काढायला लावली. तिसऱ्यांदा त्यांनी खिशातून पेन काढलं.

अकोल्याच्या बाईंनी लायसन डोळ्यांजवळ धरून वाचलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि रस्त्याच्या टोकापर्यंत शेजारी बसून आल्या. उतरताना म्हणाल्या, "हॉर्न कमी वाजव. लोक आपोआप बघतात." बाळापूर, खामगाव, नांदुरा करत मी गाडी मलकापुरात आणली. मागे मामाजी सरळ ताठ बसले होते. गावाशी आल्यावर बाजारातून जाऊ का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बाजारातूनच घे. हळू घे. पाहू दे त्याहीले."

लोकांनी पाहिलं. नावं ठेवणारे होतेच. कोणी म्हणालं मास्तरनं बायकोले डायवर केलं, कोणी म्हणालं महिनाभरात गटारात जाईन. मी गाडी रोज काढत राहिले आणि बघणारे कमी होत गेले.

पुढच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. दुपारी दोनच्या सुमाराला पिंजाऱ्यांच्या गल्लीतून एक माणूस धावत आला. त्याच्या बायकोचं तिसरं बाळंतपण. मूल सकाळीच झालं होतं, पण त्यामागून यायची वार पडली नव्हती आणि आता रक्त थांबत नव्हतं. मी पेटी घेतली, नर्सला टेबल तयार ठेवायला सांगितलं, त्याला शेजारी बसवलं आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली, वळवली आणि मागे मागे घेत आत नेली. दोन्ही बाजूंना गाद्या भरणारे लोक होते; त्यांनी आपापले कापसाचे ढीग घरात ओढले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी त्याच्या दाराशी थांबले.

ती पांढरी पडली होती. नाडी हाताला लागत नव्हती. मी इंजेक्शन दिलं, पण तिथे, त्या उजेडात, पुढचं काही करता येणार नव्हतं. पूर्वी अशा वेळी बाजेवर घालून चौघांनी उचलायचं, गल्लीबाहेर न्यायचं, टांगा शोधायचा. तेवढा वेळ तिच्यापाशी नव्हता. तिच्या नवऱ्याने आणि सासूने तिला गोधडीसकट उचललं, मागचं दार पूर्ण उघडलं आणि तिला सीटवर आडवं ठेवलं. सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दार लागलं. मी क्लच सोडला. गल्लीतून सरळ बाहेर, तेलीपुऱ्यातून डावीकडे, दवाखाना. टेबलावर घेतलं, सलाइन लावलं, नर्सने भुलीसाठी ईथर दिला आणि मी हाताने वार काढली. रक्त थांबलं. चार वाजायच्या सुमाराला तिने पाणी मागितलं.

तिचा नवरा बाहेरच्या बाकावर बसून होता. ती वाचली, असं मी सांगितलं. तो उठला, अंगणात गेला आणि गाडीच्या मागच्या सीटवर रक्त सांडलं होतं ते पाण्याने धुऊ लागला. मी म्हटलं, राहू द्या. तो म्हणाला, "नाई बाईजी. हे मीच धुईन."

मामाजी तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर आले होते. बादली रिकामी झाली तशी त्यांनी दुसरी भरून आणली आणि त्याच्या हातात दिली. दोघांनी मिळून सीट धुतली, मग गाडीच धुतली, चाकांसकट.

दोन महिन्यांनी त्या गल्लीतल्या पाच बायका दवाखान्यात आल्या. जिची वार पडली नव्हती ती त्यांच्यात होती, बाळ हातांवर. मी विचारलं, काय होतंय? कोणालाच काही होत नव्हतं. एकमेकींना ढोसत बराच वेळ गेला. शेवटी तिची सासू म्हणाली, "बाईजी, तवा मी बसली होती, पण मले काहीच दिसलं नाई. आज एक चक्कर मारून आणता का?"

दवाखान्याची वेळ संपली होती. मी किल्ली घेतली. मागे चौघी, पुढे सासू आणि बाळ. नळगंगेच्या काठापर्यंत गेलो आणि हवा लागावी म्हणून चारही काचा खाली केल्या. परतीला सासूने मला थोडं जोरात घ्यायला सांगितलं. मी घेतलं. मागच्या चौघी इतक्या हसत होत्या की आवाजाने बाळ जागं झालं, आणि रडायच्या ऐवजी तेही बघत राहिलं.